पिराजी, मी ‘सोडून राहिलेत’ म्हणालो होतो

पिराजी, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला अप्पा माईक धरून उभा राहिला तेव्हा मी चपला शोधत होतो. पायात घालून निघून जायचं का हातात घेऊन पुढं जायचं, ते माझं मला ठरत नव्हतं. हा अप्पा म्हणजे आपल्या कॉलनीतला रिटायर तलाठी. तुझ्या घराविरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्याची, बाकीच्या सह्या दारोदार हिंडून गोळा करणाराही तोच. आणि आता म्हणतो, "पिराजीराव म्हणजे आपल्या वस्तीचं भूषण होते." पिराजीराव! जिता होतास तवर त्याच्या तोंडी तू ‘तो कंपौंडर’ होतास. मेलास आणि राव झालास. समोर पांढऱ्या कपड्यातली माणसं माना हलवून राहिली होती. तू फोटोतून बघत होतास, तुझं ते अर्धं हसू घेऊन. वाटलं, आता हा फोटोतून म्हणेल, नारबा, खाली बस. म्हणून बसलो. तेवढ्यासाठीच बसलो.

हे मी सांगून राहिलो आणि तुझी लेक सुजाता लिहून राहिली. नांदेडहून रजा काढून आलीय. तिला ताकीद दिलीय, माझी भाषा दुरुस्त करायची न्हाई. एकदा एका शिकलेल्या माणसानं माझी भाषा दुरुस्त करून लिहिली, त्याचं काय झालं ते पुढं येईल. एक तुकडा लिहून झाला की ती मला मोठ्यानं वाचून दाखवते. मी हाव म्हणालो की पुढं जाते. आतापर्यंतचं वाचून झालं. ‘चपला शोधत होतो’ काढू का म्हणून विचारत होती. म्हणालो, ठेव.

तुझ्या घराचं जोतं मी घातलं, भिंती मी उचलल्या, स्लॅब मी टाकला. आणि पहिल्याच दिवशी आपलं भांडण झालं, आठवतं? शिंदी सुटायला येणाऱ्या माणसांसाठी तुला आत एकच मोठा हॉल पाहिजे होता. मी म्हणालो, "मधी दोन भिंती घाल. माणूस आजारी असला की त्याला आडोसा लागतो. कुणाला उलटी होती, कुणी बरळतो." तू म्हणालास, "नारबा, शिंदीवाल्याला आडोसा दिला की तो आडोशातच मरतो. त्याला डोळे उघडले की माणूस दिसला पाहिजे. सात खाटा, आणि सातही एकमेकांला दिसल्या पाहिजेत." मी म्हणालो, गवंडी तू का मी? तू म्हणालास, कंपौंडर तू का मी? चार दिवस काम बंद ठेवलं मी. पाचव्या दिवशी तुझ्या मनासारखा हॉल बांधला, पण बांधताना एकदाबी तुझ्याशी बोललो न्हाई. आजबी मला वाटतं एक भिंत पाहिजे होती. ते भांडण मिटलं न्हाई आणि मी ते मिटवणारबी न्हाई.

गिलावा ओला होता तेव्हाच गणपतला आणलं मी. माझा धाकटा भाऊ. धर्माबादच्या मार्केटात पोती उचलायला गेला होता तरणाबांड, आणि तिथं शिंदीला लागला. शिंदी म्हणजे झाडाची ताजी असती तर एवढं न्हाई. त्यात पावडर मिसळतात. ती एक दिवस न्हाई मिळाली की माणूस कापायला लागतो, त्याला भिंतीवर मुंग्या दिसतात, घरच्यांला ओळखत न्हाई. दोन जागी दाखवला होता. एकानं पागल म्हणून लिहून दिलं. तू बघितलंस आणि म्हणालास, "पागल न्हाई. उपाशी हाय, पावडरीचा." तुझ्या त्या ओळखीच्या डॉक्टरांला बोलावलंस, बुधवार-रविवार यायचे ते कबूल झाले, दवाखान्याचा दाखला त्यांच्या नावानं लागला. औषध त्यांचं. राखण तुझी. आठव्या दिवशी गणपत मला म्हणाला, "दादा, तुझी मिशी पांढरी झाली की रे." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला बघितलं होतं. मी बाहेर जाऊन कुंपणाला पाठ लावून उभा राहिलो. तू बघितलंस. त्याचं मी कधी तुला बोललो न्हाई. आता बोलून राहिलो. शुक्रिया, पिराजी.

बस, तेवढंच. आता परत भांडण.

लातूर जिल्हा झाला आणि माणसांच्या चालीच बदलल्या. कालपर्यंत जे उस्मानाबादला तारखेला जायचे, बसस्टँडावर पिशवी उशाला घेऊन झोपायचे, ते आता छाती काढून म्हणायला लागले, आमचं गाव जिल्ह्याचं हाय. औशाच्या रोडला आपली कॉलनी, तिथं प्लॉटाला माणसं विचारायला यायला लागली, आणि त्याबरोबर अप्पाला तुझं घर दिसायला लागलं. तोपर्यंत दिसत नव्हतं. "जिल्ह्याच्या गावात हे शोभतं का?" म्हणून विचारायचा हॉटेलात. जिल्हा झाला आणि आभाळ मात्र कोरडं. विहिरी तळाला गेल्या, बोअर खाली खडखडायला लागले, टँकर कोपऱ्यावर उभा राहायचा आणि बायकांवर एकमेकींच्या झिंज्या धरायची पाळी यायची.

तेव्हा तू ते पाण्याचं काढलंस. ज्याचे हात पंधरा दिवसांत थोडे स्थिर झाले, त्याला एक घागर द्यायची. टँकरपासून गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारापर्यंत घागर न सांडता न्यायची. सांडली तर उद्या परत. तू ओट्यावर बसून वाटंवरचे थेंब बघायचास, डॉक्टर नाडी बघतो तसं. थेंब कमी झाले की माणूस बरा. अप्पाच्या आईचा रांजण गणपतनंच भरला सगळा उन्हाळा. एकदा अप्पाची बायको म्हणाली, "अरे, आत आणून ओत की." आतून अप्पा खेकसला, "उंबऱ्याच्या बाहेर ठेव म्हणावं." गणपत आला आणि त्यानं हसत तुला सांगितलं, "तात्या, आमच्या हातचं पाणी चालतं, आम्ही चालत न्हाई." तू म्हणालास, "त्यात नवं काय सांगतोस? हे मला आईच्या पोटात असल्यापासून ठाऊक हाय." सगळे हसले. मीबी हसलो. माझ्या हसण्याची मला आज लाज वाटते, कारण ओळखीची पहिली दोन वर्षं तुझ्या घरचा चहा मीबी ‘आत्ताच झाला’ म्हणून टाळत होतो. तुला कळत होतं. तू कपबशी आत नेऊन ठेवायचास आणि काही बोलायचा न्हाईस. तिथं बोलायला पाहिजे होतंस. सगळ्यांला बोलायचास, मलाच का सोडलंस?

अर्जात मात्र त्यातलं काही न्हाई. अर्ज लई साफसुथरा. ‘सदर भाग रहिवासी असून तेथे बाहेरगावच्या व्यसनी इसमांस ठेवण्यात येते, स्त्रिया व मुले यांस उपद्रव.’ उपद्रव! अप्पाच्या पोरानं रस्त्याच्या अंगाला पिठाची गिरणी टाकलीय. ती चालू झाली की माझ्या हातच्या भिंतीला कंप सुटतो आणि शेजारच्या ताटात पीठ बसतं. ती गिरणी रहिवासी. आणि सात माणसं गप पडून बरी होऊन राहिली, ती बेकायदा. मी अप्पाला तोंडावर म्हणालो, "तुझी गिरणी कुठल्या रंगात बसती गावाच्या नकाशावर, रहिवासी का धंद्याच्या?" म्हणाला, "नारायणराव, तुम्ही कामाचं बघा. नकाशातलं तुम्हाला काय कळतंय?" ते वाक्य मला लागलं. ते का लागलं ते फक्त तुला ठाऊक होतं.

आता ते सगळ्यांला ठाऊक झालंय, म्हणून सांगतो. मी निजामाच्या राज्यात तीन इयत्ता शिकलो, त्या उर्दूत. आकडे मला येतात, माप येतं, नकाशातली रेघ मला डोळे झाकून कळते. पण मराठी अक्षर मी जोडून वाचू शकत न्हाई. हॉटेलात रोज सकाळी पेपर उघडून बसायचो, पान उलटायचो, फोटो बघायचो, आणि कुणी तोंडानं बातमी सांगितली की हाव हाव, वाचली म्हणायचो. साठ वर्षं कुणाला कळू दिलं न्हाई. तुझ्या घराच्या नकाशावर कोपऱ्यात काहीतरी लिहिलं होतं, तू ते माझ्यासमोर सहज मोठ्यानं वाचलंस, जसं काय स्वतःलाच वाचून राहिलास. पुढच्या वेळी परत तसंच. तिसऱ्या वेळी मला कळलं की तुला कळलंय. त्या दिवशीपासून तुझ्या घरचा चहा प्यायला लागलो.

मग अर्जावरून तो नगररचनेच्या दफ्तरातला साहेब आला पाहणीला. तरणा, पुण्याकडचा, बोलायला चांगला, ते खोटं कशाला सांगू. उन्हात उभा राहून त्यानं हॉल बघितला, खाटा मोजल्या. तू डॉक्टरांला आणायला गेला होतास. दारात मी होतो. मला म्हणाला, "आजोबा, हे लोक इथे नेमकं काय करतात?"

किती ताठ मानेनं सांगितलं मी! म्हणालो, "साहेब, हे शिंदी सोडून राहिलेत. बरे होऊन राहिलेत."

"म्हणजे शिंदी सोडून राहिलेत?"

"हाव जी. सोडून राहिलेत. हा माझा भाऊ, हा तर बघा, किती बरा होऊन राहिलाय."

त्यानं बरोबरच्या कारकुनाला सांगितलं, कारकुनानं लिहिलं. मग कागद पुढं केला. "वाचून दाखवू का आजोबा?" त्यानं विचारलं होतं, पिराजी. विचारलं होतं त्यानं. मागं कुंपणाला अप्पा उभा होता, गिरणीवाला पोरगा उभा होता. मी म्हणालो, "वाचायचं काय त्यात? मी बोललो तेच असंल की." कागद हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली, हॉटेलात फिरवतो तशी. आणि सही ठोकली. उर्दूत.

तू संध्याकाळच्या आत नक्कल आणलीस. ओट्यावर उभ्यानं वाचलीस. मग बसलास. "नारबा, हे काय बोललास?"

"जे खरं ते."

"‘सदर इसम शिंदी सोडून, बरे होऊन, याच ठिकाणी राहिले आहेत.’ असं बोललास?"

"मंग? सोडून राहिलेत म्हणालो, बरे होऊन राहिलेत म्हणालो. याच ठिकाणी त्यानं आपल्या पदरचं घातलं."

तू कपाळाला हात लावलास. मग मला सगळं सांगितलंस, पोराला सांगतात तसं न्हाई, बरोबरीच्याला सांगतात तसं. की पुण्याकडं ‘सोडून राहिलेत’ म्हणजे सोडून झालं, आणि आता नुसते राहिलेत, मुक्कामाला. आपण म्हणतो त्याला तिकडं ‘सोडतायत’ म्हणतात. की नियमात रहिवासी प्लॉटवर डॉक्टरला घरात इलाज करता येतो, थोड्या खाटा ठेवता येतात, रोगी आला, बरा झाला, गेला. पण बरी झालेली परकी माणसं जर तिथंच मुक्काम ठोकून असतील, तर ते घर न्हाई, दवाखाना न्हाई, ते वसतिगृह. आणि वसतिगृहाला तिथं मनाई. अप्पाच्या अर्जात एवढाच एक धागा कच्चा होता, की ही माणसं इथं राहतात याला साक्ष कोण? ती साक्ष मी दिली. तुझा दोस्त, तुझा गवंडी, गणपतचा भाऊ.

हुकूम आला. पंधरा दिवसांत जागा मूळ वापरात आणावी.

पंधरा दिवसांत तू सातांची सोय लावायला धावलास. कुणाचा भाऊ न्यायला आला, कुणाचं कुणीच आलं न्हाई. गणपतला मी माझ्या घरी आणलं. माझ्या घरात आडोसा हाय, चांगल्या चार खोल्या हायत. नवव्या दिवशी खोली रिकामी होती. धर्माबादची एस्टी धरली त्यानं.

आणि तू अपील केलंस. माझ्याकडं आलास. पहिल्यांदा घरी. म्हणालास, "चार ओळी लिहून देतो, त्यावर सही कर. की तुझं बोलणं वेगळं होतं, लिहिलं वेगळं गेलं, आणि तुला मराठी वाचता येत न्हाई म्हणून सही झाली."

मी म्हणालो, "पहिल्या दोन गोष्टी लिही. तिसरी न्हाई."

"तिसरीशिवाय पहिल्या दोन खोट्या ठरतात नारबा. वाचून सही केलेला माणूस मागं कसा फिरंल?"

"मी चुकलो न्हाई. मी माझ्या भाषेत बोललो. त्याला आपली भाषा कळत न्हाई तर तो कशाला आला आपल्या जिल्ह्यात? त्यानं लिहून द्यावं, मला मराठी येत न्हाई म्हणून."

तुला हसू आलं. खरंच हसलास. मग गेलास.

दुसऱ्यांदा हॉटेलात आलास. माझ्या हातात पेपर होता. तू समोर बसलास, पेपराकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि काही न बोलता चहा पिऊन उठलास. ते मी विचारणंच धरतो. मीबी काही न बोलता न्हाईच म्हणालो.

तिसऱ्यांदा तू बांधकामावर आलास, भर दुपारी, डोक्यावर रुमाल टाकून. मी वर परांचीवर होतो. खालून हाक मारलीस. माझी चार माणसं होती तिथं, मालक होता. तू हळू बोलावंस म्हणून मी खाली उतरायला पाहिजे होतं. उतरलो न्हाई. वरूनच म्हणालो, "काय?" तू म्हणालास, "मंगळवारी सुनावणी हाय." मी म्हणालो, "मंग जा की." तू वर बघितलंस. म्हणालास, "गणपतचा काही पत्ता?" मी म्हणालो, "तो माझा भाऊ हाय, मी बघंन." आणि थापी आपटून कामाला लागलो.

इथं सुजाता थांबली. तिला पहिल्या दोन वेळा ठाऊक होत्या, ही ठाऊक नव्हती. पेन खाली ठेवला तिनं. म्हणाली, "काका, ते उन्हातून चालत आले होते. छातीत दुखतंय म्हणून मला पत्रात लिहिलं होतं त्यांनी." मी म्हणालो, हेबी लिही. ती म्हणाली, "मी नाही लिहिणार." मग तिनं पेन उचलला आणि म्हणाली, "पुढं सांगा." बापासारखीच हाय. शिव्या देत न्हाई, त्यानं जास्त जीव जातो माणसाचा.

दोन दिवसांनी गल्लीतलं कुणी बोलवायला आलं. तू हॉलमध्ये होतास. सात रिकाम्या खाटा, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि खिडकीजवळच्या खाटंवर नुसत्या लोखंडावर तू आडवा. चष्मा छातीवर. अपिलाचा कागद बाजूला जमिनीवर, त्यावर वीट ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, झटका होता, पटकन झालं. पटकन! माझ्या अंगाचा तिळपापड झाला तिथं. कुणावर ओरडायचं तेच कळंना. साहेब बिचारा कायद्याचा नोकर, अप्पाच्या डोळ्यात पाणी आलेलं, कारकून कुणाचाच न्हाई. शेवटी तुझ्यावरच ओरडलो. सगळ्यांदेखत. "उठ म्हणतो ना," म्हणालो. सुजाताला मागून कळलं, तिला वाटलं दुःखानं झालंय. दुःख न्हाई, राग होता. तू मला चौथ्यांदा विचारायच्या आत निघून गेलास. चौथ्यांदा मी हाव म्हणालो असतो का? तुझी शपथ, मला ठाऊक न्हाई. ते ठाऊक होऊ दिलं न्हाईस, त्याचा राग.

दफ्तरातला कारकून म्हणाला, अर्जदार मयत, अपील निकाली काढावं लागंल. सुजाता म्हणाली, वारस मी आहे. तारीख पुढं गेली. गेल्या मंगळवारी आम्ही दोघं गेलो. मोठा साहेब दुसरा होता, बीडकडचा. अर्धी कॉलनी मागं बसलेली. दोन ठेकेदार होते, त्यांच्या कामावर मी आयुष्य काढलं. साहेबानं जबाब वाचला, माझ्याकडं बघितलं.

"बाबा, हे तुम्ही बोललात?"

"न्हाई जी. मी म्हणालो, सोडून राहिलेत."

साहेबानं मान वर केली. कारकुनाकडं बघितलं. कारकून हसला. "सोडतायत म्हणायचंय साहेब, आपल्याकडचं बोलणं." साहेब म्हणाला, "अरे, मला सांगतोस काय, माझी आई तसंच बोलती." एवढंच, पिराजी. एका श्वासात कळलं त्याला. ज्यासाठी तुझा जीव गेला ते एका श्वासाचं काम होतं.

मग म्हणाला, "पण वाचून सही केली असं खाली लिहिलंय. असं लिहिलेलं वाचलंत तेव्हा हरकत का नाही घेतली?"

तोच प्रश्न. तू सांगितला होतास तोच. मागं कुणीतरी खोकलं. सुजाता माझ्याकडं बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती, मला मोकळं ठेवून. मी म्हणालो, "मला मराठी वाचता येत न्हाई, जी."

मागून आवाज आला, "आँ? मग नकाशे?" आणि हसू फुटलं दोघातिघांला. मी वळलो. म्हणालो, "तुझ्या घराच्या भिंती उभ्या हायत ना अजून? मंग गप बस." साहेबानं टेबल वाजवलं. हसणारा गप झाला. पण मला वाटलं होतं, हे बोललो की जमीन फाटंल, आभाळ कोसळंल. काही झालं न्हाई. पंखा फिरत होता. कारकून लिहीत होता. साहेबानं हुकूम थांबवला, नव्यानं पाहणी होईल, तोपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली रोगी ठेवायला हरकत न्हाई म्हणाला. माझा जबाब दोनदा वाचून घेतला मी, मोठ्यानं, अप्पाला ऐकू जाईल असा. मग सही केली.

दहा मिनिटं लागली. माझ्या साठ वर्षांच्या इज्जतीची किंमत दहा मिनिटं, आणि ती मी तुला दिली न्हाई.

खाली उतरताना अप्पा जिन्यात भेटला. म्हणाला, "नारायणराव, आता तरी मनातून काढून टाका." मी म्हणालो, "पाहणीला येतील तेव्हा तुझी गिरणीबी दाखवणार हाय मी." तू असतास तर म्हणाला असतास, नारबा, जाऊ दे. तू न्हाईस. मी जाऊ देणार न्हाई.

काल गेलो. नांदेड, मग उमरी, मग धर्माबाद. मार्केटच्या मागं पोत्यांच्या आडोशाला बसला होता गणपत, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मला बघून पहिलं काय म्हणाला ठाऊक हाय? "तात्या आले का?"

"न्हाई. तात्या मेला."

"खोटं बोलून राहिला तू. माझ्यावर चिडला म्हणून."

"चिडलोय. पण खोटं न्हाई."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हातातलं मडकं खाली ठेवलं, उलटं केलं न्हाई, फेकलं न्हाई, नुसतं ठेवलं, आणि म्हणाला, "मंग तिथं कोण हाय आता?" मी म्हणालो, "मी हाय. उठ." एस्टीत माझ्या खांद्यावर दोनदा ओकला. मी कुणाकडं बघितलं न्हाई.

आता तो हॉलमध्ये हाय, खिडकीजवळच्या खाटंवर. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. बाकीच्या सहातल्या दोघांचा पत्ता लागलाय, चौघांचा न्हाई. गणपतचं अंग कापून राहिलंय, दात वाजून राहिलेत. त्यानं माझा हात धरलाय आणि सकाळपासून एकच म्हणतोय, "दादा, ते म्हण. तात्या कानात म्हणायचे ते." मी विचारलं, काय म्हणायचे? त्याला सांगता येत न्हाई. म्हणतो, तू म्हण की, तुला ठाऊक असंल.

मला ठाऊक न्हाई. मागच्या बाजूला गिलावा करत होतो तेव्हा तू खाटंवर वाकून काहीतरी पुटपुटताना मी रोज ऐकलंय. शब्द कळायचे न्हाईत. वाटलं, तुमचं काहीतरी प्रार्थनेतलं असंल, आपण कशाला विचारा. आता सुजाताला विचारलं, ती म्हणते प्रार्थना नसावी, बाबा काहीतरी साधंच म्हणत असतील. काय साधं, ते तिलाबी ठाऊक न्हाई. दाखला हाय, डॉक्टर हाय, मोठ्या साहेबाचा कागद हाय. एवढं एकच न्हाई.

पिराजी, काय म्हणत होतास? लवकर सांग. हा माझा हात सोडंना.